पितळ राहील, फुंकेचे काय?

(जुन्या पितळी वाद्यांचा संग्रह आणि वादन या विषयावर बीड जिल्ह्यातील स्वयंसेवक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठीत रणशिंग रोज फुंकले जाते. सकाळी वृत्तपत्र उघडावे, तर कोणी ना कोणी निवडणुकीचे, नाहीतर आंदोलनाचे रणशिंग फुंकलेले असतेच. परंतु खरे शिंग हातात घेतलेला, त्याचे वजन पेललेला, त्यातून एक तरी स्वर काढलेला मनुष्य विरळा. 'कर्णा' या शब्दाची तर याहून विचित्र गत झाली. आज खेड्यात कर्णा म्हटले, की डोळ्यांपुढे येतो तो देवळाच्या खांबाला बांधलेला ध्वनिक्षेपकाचा भोंगा. ज्या यंत्राने जुन्या वाद्याला हुसकावले, त्यानेच त्या वाद्याचे नावही लाटले.

तुतारीचे भाग्य त्यामानाने बरे म्हणायचे. केशवसुतांनी १८९३ मध्ये तिच्या नावाची कविता लिहिली आणि ती शाळेच्या पुस्तकांतून मराठी माणसाच्या मनात बसली. २०२४ मध्ये 'तुतारी वाजवणारा माणूस' हे एका राजकीय पक्षाचे चिन्ह झाले आणि लोकसभेच्या प्रचारात ते बीडच्या वाडीवस्तीपर्यंत पोचले. त्याच निवडणुकीत 'ट्रम्पेट' हे दुसरे चिन्हही काही अपक्षांच्या वाट्याला आले, मराठीत त्यालाही तुतारी म्हटले गेले, मतदारांचा गोंधळ उडाला आणि तक्रारी आयोगापर्यंत गेल्या. लोकांनी त्या दुसऱ्या चिन्हाचे 'पिपाणी' असे बारसे करून टाकले. राजकारण बाजूला ठेवू. परंतु तुतारी कोणती आणि ट्रम्पेट कोणता हे ठरवण्यासाठी ज्या समाजाला निवडणूक आयोगाचा दरवाजा ठोठवावा लागतो, त्या समाजाच्या घरांतून आणि देवळांतून ही वाद्ये किती दूर गेली आहेत, हे त्यावरून कळावे.

आणि ही वाद्ये दूरची नव्हेत. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. शनीचे स्थान म्हणून ते सर्वांना ठाऊक असते. १० ऑगस्ट १७६३ रोजी याच परिसरात अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. पानिपताला तेव्हा अडीच वर्षे झाली होती. त्याच वर्षी निजामाने पुणे लुटून जाळले होते. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर या लढाईत पडला आणि मराठ्यांची सत्ता संपली असे मानणाऱ्यांना उत्तर मिळाले. त्या काळात कूच, मुक्काम, हल्ला यांच्या खुणा सैन्याला कशा कळत? तोंडी हुकूम घोड्यांच्या टापांत विरून जातो. तेथे नगारा, नौबत, शिंग आणि कर्णा यांचेच काम. रायगडावर सिंहासनासमोर नगारखान्याचे दालन उभे आहे, ते केवळ शोभेसाठी नव्हे. राज्य जागे आहे याची ती ग्वाही होती. गोदेच्या काठी त्या श्रावणात जे आवाज उमटले, त्यांत पितळेचा आवाज होता, हे राक्षसभुवनला जाणाऱ्या भाविकाला कोणी सांगत नाही.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. साधारण दोन भाग तांबे, एक भाग जस्त. यातले जस्त मोठे लबाड. खनिज तापवले की ते वाफ होऊन उडून जाते, हाती काही लागत नाही. ती वाफ मातीच्या बंद मुशींतून खाली उतरवून थंड करण्याची युक्ती राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर येथील कारागिरांनी मध्ययुगात साधली आणि फार मोठ्या प्रमाणावर साधली. तेथील मुशींचे ढिगारे आजही पाहावयास मिळतात. युरोपात विल्यम चॅम्पियनने या प्रकारच्या पद्धतीचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. आपल्या लोकांना पितळ परक्याने शिकवले नाही, एवढे यावरून लक्षात ठेवले तरी पुरे.

शिंगाची घडण पाहण्यासारखी असते. पितळेचा पत्रा निमुळता कापायचा, गुंडाळून त्याची नळी करायची, सांधा झाळायचा. मग नळी वाकवायची. पोकळ नळी नुसती वाकवली तर चेपते, म्हणून आत राळ किंवा वितळलेले शिसे ओतून, ते निवल्यावर हळूहळू बाक द्यायचा आणि पुन्हा तापवून भरण काढून टाकायचे. असे दोन बाकदार तुकडे एका दिशेने जोडले की चंद्रकोर होते, उलट दिशेने जोडले की नागमोडी आकार. जोडावर फुगीर गोळे आणि कडी बसवतात. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते, प्रत्यक्षात ती सांध्याची बळकटी असते. ज्या तांबटाने हे केले त्याने ध्वनिशास्त्राचे पुस्तक पाहिले नव्हते. पण नळी कोठून किती रुंदवायची हे त्याच्या हातोडीला ठाऊक होते.

हा आवाज निघतो कसा? पुष्कळांची समजूत असते की जोराने फुंकले की शिंग वाजते. तसे फुंकले तर नुसता वारा बाहेर येतो. वाजतात ते ओठ. ओठ घट्ट मिटून त्यांतून श्वास सोडला की ते थरथरतात आणि ती थरथर नळीतल्या हवेला झोका देते. नळीची लांबी ठरलेली असल्यामुळे त्यातून कोणताही स्वर निघत नाही. मूळ स्वर, त्याच्या दुप्पट कंपनांचा, तिप्पट, चौपट, पाचपट, सहापट असेच स्वर निघतात. सरगमच्या भाषेत बोलायचे तर सा, वरचा सा, त्यावरचा पंचम, पुन्हा सा, मग गांधार, मग पंचम. बिगुलावर वाजणाऱ्या सगळ्या सैनिकी रचना सा, ग, प या तीनच नावांच्या पाच स्वरांत बसवलेल्या असतात. ऋषभ किंवा मध्यम हवा असेल तर नळीची लांबी क्षणात बदलता आली पाहिजे. ती सोय करणारी कळ जर्मन कारागिरांनी काढली आणि १८१८ मध्ये तिचे पेटंट घेतले. कळ दाबली की हवेला थोडा लांबचा वळसा पडतो, स्वर उतरतो. आजच्या ट्रम्पेटची नळी उलगडली तर सुमारे दीड मीटर भरते. तीन कळांचे तीन वळसे त्यात भर घालतात आणि सारे सप्तक हाती येते.

ही कळांची वाद्ये आपल्याकडे आली ती लष्करी छावण्यांच्या वाटेने. बीड जिल्ह्यात अशी छावणी होती. योगेश्वरीचे अंबाजोगाई निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाचा तळ होता. छावणी म्हटली की बिगूल आलाच. पहाटेची जाग, घोड्यांचे दाणापाणी, रात्रीची निजानीज, सारे त्या बिगुलावर. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या गावाने काही काळ परक्या हुकमतीची वेळ अशी कानांनी ऐकली. देशभर छावण्यांच्या वाद्यवृंदांतूनच पुढे लग्नातले बँड उभे राहिले आणि वाद्ये दुरुस्त करता करता मेरठसारख्या छावणीच्या शहरात ती तयारही होऊ लागली. मेरठच्या जली कोठी भागातून आजही देशभर बिगूल आणि तुताऱ्या जातात.

परक्याचे वाद्य घेऊन त्यावर आपला स्वर कसा बसवावा, याचा एक वस्तुपाठ स्वयंसेवकांना परिचित आहे. संघाची स्थापना १९२५ च्या विजयादशमीला झाली आणि दोनच वर्षांत, १९२७ मध्ये नागपूरला घोष सुरू झाला. प्रारंभी वाजत त्या इंग्रजी सैनिकी रचनाच. दुसरे काही उपलब्धच नव्हते. हळूहळू भारतीय रागांवर आधारलेल्या रचना तयार झाल्या आणि वाद्यांना नावे मिळाली. बिगूल झाला शंख, साइड ड्रम आनक, मोठा ढोल पणव, ट्रम्पेट तूर्य, युफोनियम गोमुख, क्लॅरिनेट स्वरद, सॅक्सोफोन नागांग. गीतेच्या पहिल्या अध्यायातील तेराव्या श्लोकात रणवाद्यांची जी यादी येते, तीत शंख, भेरी, पणव, आनक आणि गोमुख ही नावे आहेत. नाव बदलल्याने वाद्य बदलत नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. बदलला तो वाजवणाऱ्याचा कान. नुसत्या शंखावर सा, ग, प यांपलीकडे जाता येत नाही, म्हणून राग उभा करायचा तर वंशी, स्वरद, तूर्य यांची जोड हवी, हे कळले आणि रचनाकारांना काम मिळाले. २०२७ मध्ये घोषाला शंभर वर्षे होतील.

आता संग्रहाकडे वळू. महाराष्ट्रात जुन्या वस्तूंच्या संग्राहकाचे नाव घ्यायचे तर पहिले नाव डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांचे. जन्म १८९६, निधन १९९०. कवी म्हणून नाव 'अज्ञातवासी'. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा ध्यास लागला तो अखेरपर्यंत सुटला नाही. लहान वयात गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि १९७५ मध्ये सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यात त्या संग्रहालयातील वाद्ये मुलाबाळांना घेऊन पाहावीत. राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा सामान्य घरातील अडकित्ता, दिवा, वाद्य यांत केळकरांचा जीव अधिक. खेड्यापाड्यांत मोडीत निघालेली वस्तू भंगाराच्या भावाने जाते, हे त्यांना दिसत होते.

मराठवाड्यात तर १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. त्या वर्षी घरोघरची तांब्यापितळेची भांडी बाजारात गेली. हंडे गेले, घागरी गेल्या, लेकीच्या लग्नात द्यायची परात गेली. पोटासाठी गेलेल्या वस्तूबद्दल कोणाला दोष देणार? माजघरातल्या कोनाड्यातील शिंग त्या ओझ्यात निघून गेले असेल, तर विकणाऱ्याला ते उरलेल्या पितळेहून निराळे वाटले नसेल. त्यातून जे वाचले आहे ते देवळांच्या कोठ्यांत, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर आणि पूर्वी वाजंत्री करणाऱ्या घराण्यांच्या झोपड्यांत आहे. शोध घ्यायचा तर या क्रमाने नव्हे, उलट्या क्रमाने घ्यावा. ते का, हे पुढे येईलच.

वस्तू सापडली की पहिला मोह होतो घासून लख्ख करण्याचा. चिंच, लिंबू, राख, नाहीतर बाजारातील तिखट द्रव. जुन्या पितळेवर आम्लाचा मारा केला की जस्त निघून जाते, तांबूस डाग पडतात आणि पत्रा ठिसूळ होतो. शिवाय कारागिराची खूण, देवस्थानाचे नाव, कोरलेला शक हे सारे घासले जाते. कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ फडके पुरेसे आहे. हिरवा थर विषारी असतो, तेव्हा जुने मुख स्वच्छ केल्याशिवाय ओठांना लावू नये आणि लहान मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नये. ठोके पडलेला भाग घरच्या हातोडीने सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये. ते तांबटाचे काम. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. ती परदेशी नेता येत नाही, तिचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही. देवळाची वस्तू असेल तर ती देवळाचीच. विश्वस्तांनी नोंदवहीत तिचे नाव, माप आणि छायाचित्र ठेवले तरी पुष्कळ झाले. चोर त्या वहीला भितो.

एवढे सगळे केले आणि शिंग दिवाणखान्याच्या भिंतीवर दिव्याखाली टांगले, म्हणजे काम झाले काय?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी ढोल-ताशा मध्यमवर्गीय घरांत आणला. आज इंजिनियर मुले आणि मुली खांद्याला ढोल बांधून अभिमानाने मिरवणुकीत चालतात. त्याच मिरवणुकीच्या तोंडाशी तुतारी असते, आणि ती वाजवणारा बहुधा ठरवून, पैसे देऊन बोलावलेला असतो. ढोल आपला झाला, तुतारी अजून त्याची. असे का व्हावे? शिकायला अवघड, हे एक कारण. पण तेवढेच नव्हे. हे वाद्य तोंडाला लागते. उष्ट्याची कल्पना आणि जातीची उतरंड यांनी मिळून या वाद्याला वेशीबाहेर बसवले. गावगाड्यात मंगलवाद्ये आणि रणवाद्ये वाजवणारे बहुतेक जण मातंग, होलार, घडशी, गुरव अशा समाजांतले. त्यांची वाद्ये लग्नात शुभ, ती वाजवणारा मात्र पंगतीच्या कडेला. नवरदेव मांडवात शिरला की वाजंत्र्याने बाहेर थांबायचे. गंमत अशी की शंखही तोंडानेच वाजतो. तो देवघरात पाटावर बसला, आणि शिंग वेशीत उभे राहिले. यातला फरक वाद्यात नव्हता.

१९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यतेविषयी निःसंदिग्ध भूमिका मांडली. १९८३ मध्ये सामाजिक समरसता मंच सुरू झाला. घोषाच्या वर्गात एकच शंख अनेक मुलांच्या ओठांना लागतो आणि कोणी कोणाची जात विचारीत नाही, हे अनेकांनी अनुभवले आहे. ही गोष्ट लहान नव्हे. पण हिशेब पुरा करायचा तर पुढचा प्रश्न विचारावाच लागेल: गावातल्या ज्या म्हाताऱ्याला शिंगाची जुनी इशारत अजून येते, त्याला घोषाच्या वर्गात शिक्षक म्हणून किती ठिकाणी बोलावले? सतरंजीवर त्याला पुढे बसवून, 'बाबा, तुम्ही वाजवा, आम्ही ऐकतो', असे किती जणांनी म्हटले? म्हणून शोध त्याच्या घरापासून सुरू करावा. त्याच्याकडचे शिंग विकत घेऊन घरी आणणे सोपे आहे. चार पैसे त्यालाही हवे असतात, तो नाही म्हणणार नाही. मात्र त्या दिवशी पितळ एका भिंतीवर येते आणि फुंक दुसऱ्या घरात कायमची बंद होते.

केरळात याच जातीच्या वाद्याची स्थिती पाहावी. चंद्रकोरीच्या आकाराचे तेथील कोम्बू हे पंचवाद्यातील पाचांतले एक. तिमिला, मद्दळम, इडक्का, इलत्ताळम आणि कोम्बू. त्रिचूरच्या पूरममध्ये कोम्बूवादकांची रांग उभी राहते, हात एका लयीत वर जातात आणि हजारो माणसे त्या क्षणाची वाट पाहतात. तेथे कोम्बूवादकाचे नाव लोक सांगतात, त्याचा गुरू कोण हेही सांगतात. आपल्याकडे तुतारीवाला म्हणजे 'तो तुतारीवाला'. वाद्य सारखेच, पितळही सारखेच.

शिकणे अशक्य नाही. सुरुवातीला वाद्य हाती घेऊच नये. नुसते ओठ मिटून भुरभुर करायला शिकावे. गाल फुगवू नयेत, श्वास पोटातून यावा. प्राणायामाची सवय असलेल्यांना हे लवकर साधते. मग केवळ मुख ओठांना लावावे, आणि शेवटी नळी. पहिले काही दिवस म्हशीच्या रेड्यासारखा आवाज येईल, घरातले हसतील, शेजारी चौकशीला येतील. दररोज पाव तास पुरे. ओठ हा स्नायू आहे, तो थकतो. महिन्याभरात सा आणि पंचम स्थिर होतात. पुढचे कोणत्याही पुस्तकात नाही. स्वागताची तुतारी कोठे तोडायची, पालखी उठताना कोणती इशारत, देवीच्या आरतीला कोणती, अंत्ययात्रेला कोणती, हे कानाने आणि सोबत बसूनच मिळते. एखाद्या वाद्याचे मुख हरवलेले असेल तर तांबट ते करून देईल. ही इशारत हरवली तर ती कोणी करून देणार नाही.

बीडमध्ये यात एक अडचण आहे, ती बाहेरच्याला कळत नाही. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, ज्यांना कारखान्यावर 'कोयता' म्हणूनच मोजतात, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. गावे ओस पडतात. मागे राहतात म्हातारी आणि शाळकरी मुले. अंबाजोगाईला योगेश्वरीचा मोठा उत्सव मार्गशीर्षात, सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत. नेमक्या त्या दिवसांत कितीतरी गावांचे वाजवणारे हात उसाच्या फडात असतात आणि त्यांची मुलेही बरोबर गेलेली असतात. बाप ज्या वयात शिंग शिकला, त्या वयात मुलगा कारखान्याच्या तळावर कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळतो. परंपरा तुटली असे आपण सहज म्हणून जातो. ती येथे, या वेळापत्रकात तुटते. डीजेच्या भिंतींनाच सारा दोष देऊन मोकळे होणे सोयीचे आहे, इतकेच.

तेव्हा ज्यांना हे काम करावयाचे आहे त्यांनी वर्गाची तारीख आपल्या सुट्टीवरून ठरवू नये. गाळप संपले की पाडव्याच्या आगेमागे कोयते परततात. त्यानंतर चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा आणि लग्नसराई असते. मागे राहिलेला म्हातारा, परत आलेला त्याचा मुलगा आणि शाळा सुटलेला नातू हे तिघे एका ओट्यावर सापडतात ते याच दोन महिन्यांत. मृगाला पेरण्या सुरू होतात आणि दसऱ्याला मुकादमाची गाडी पुन्हा वेशीत येऊन उभी राहते.